मंगोलियन भाषेतले आकडे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कामानिमित्त किंवा फिरायला मंगोलियाला निघालेले आणि घरबसल्या भाषा शिकणारे मराठी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं उलानबातर आणि मंगोलियाच्या बहुतेक भागात चालणाऱ्या खाल्ख बोलीला धरून आहेत. मंगोलियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत. ते उच्चाराच्या जवळ जाणारे समजावेत, तंतोतंत नव्हेत.

१. एक ते दहा कसे मोजायचे?

नेग, खोयोर, गुरव, दोरोव, ताव, जुरगा, दोलो, नाइम, योस, आरव. शून्याला तेग.

तीन म्हणजे गुरव आणि दहा म्हणजे आरव, हे मराठी माणूस एकदा ऐकल्यावर विसरत नाही. एक ओळखीचं आडनाव आहे, तर दुसरं नाव हल्ली प्रत्येक बालवाडीत हाक मारली की दोघं तरी वळून बघतील असं. उरलेले आठ मात्र घोकावेच लागतात.

२. ऐकताना 'दोलो'चा उच्चार 'तोलो' का वाटतो?

कारण तो तसाच आहे. मंगोलियनमध्ये त आणि द यांतला फरक मुख्यतः महाप्राणाचा आहे. लिहिलेला द कानाला त सारखा लागतो आणि लिहिलेला त थ सारखा. म्हणून 'ताव' (५) हा 'थाव' ऐकू येतो. इंग्रजीतून शिकणाऱ्यांना हे कळायला वेळ लागतो. त-थ, च-छ लहानपणापासून वेगळे बोलणाऱ्या आपल्याला ते फुकट मिळालेलं आहे.

दुसरा फायदा दंत्य ज-चा. जुरगा (६) आणि जू (१००) यांतला ज 'जुना'मधला आहे, तर जार (६०) मधला ज 'जीव'मधला. हा भेद हिंदीभाषकाला समजावून सांगावा लागतो, मराठीभाषकाला फक्त आठवण करून द्यावी लागते. दोरोव आणि योस यांतला ओ मात्र आपल्याकडे नाही. ओठ ओ म्हणण्यासाठी गोल करून जीभ थोडी पुढे आणा, म्हणजे तो साधारण जमतो.

३. पुस्तकात 'गुरव' आहे, लोक 'गुर्वन' म्हणतात. बरोबर काय?

दोन्ही. मंगोलियन आकड्यांत शिकण्यासारखी खरी गोष्ट एकच आहे आणि ती ही. बहुतेक आकड्यांना दोन रूपं असतात. आकडा सुटा असेल, म्हणजे नुसतं मोजत असाल किंवा 'किती?'ला एका शब्दात उत्तर देत असाल, तर गुरव. त्याच्यापुढे काही येणार असेल, मग ती वस्तू असो, माणूस असो की आणखी एक आकडा, तर शेवटी न: गुर्वन.

गुर्वन, दोर्वोन, तावन, जुरगान, दोलोन, नाइमन, योसोन, आर्वन. गुरव, दोरोव आणि आरव यांच्यातला दुसरा स्वर न लागला की गळतो, एवढं लक्षात ठेवा. खोयोर कधीच बदलत नाही. नेग सहसा बदलत नाही. 'नेगेन' हे रूप गोष्टीतल्या 'कोणे एके काळी'सारख्या वापरात आणि सालांत दिसतं (प्रश्न १३).

नियम पाठ करण्यापेक्षा नकाशा उघडा. दक्षिण गोबीतली कोळशाची प्रचंड खाण तावन तोलगोइ, म्हणजे पाच टेकड्या. अल्ताईतला तावन बोग्द हा पाच पवित्र शिखरांचा समूह. ओवोरखांगाइ प्रांतातली नाइमन नूर, म्हणजे आठ सरोवरं. उलानबातरमधला जून आइल हा भाग, म्हणजे शंभर घरं. आणि रात्री वर पाहिलंत तर आपले सप्तर्षी त्यांच्याकडे दोलोन बुर्खान आहेत, सात देव. प्रत्येक नावात न आहे, कारण प्रत्येक आकड्यापुढे नाम आहे.

४. अकरा ते नव्व्याण्णव पाठ करावे लागतात का?

नाही, आणि मराठीत वाढलेल्या माणसाला ही सुटका मोठी वाटते. आपल्याकडे अठ्ठ्याहत्तर, एकोणनव्वद, त्र्याण्णव असा जवळजवळ प्रत्येक आकडा वेगळा शिकावा लागतो. मंगोलियनमध्ये एकम नऊ आणि दशम नऊ, अशा अठरा शब्दांत ९९ पर्यंत पोचता येतं.

दशम असे, कंसाआधीचं रूप सुटं आणि कंसातलं न लागलेलं: आरव (आर्वन), खोर (खोरिन), गुच (गुचिन), दोच (दोचिन), ताव्य (ताविन), जार (जारन), दाल (दालन), नाया (नायान), येर (येरेन).

पुढे आकडा येणार म्हणून दशमाला न लागतो आणि एकम सुटा राहतो. ११ आर्वन नेग, २३ खोरिन गुरव, ७८ दालन नाइम, ९९ येरेन योस. 'एकोण' हा प्रकारच नाही, त्यामुळे एकोणतीस म्हणजे सरळ खोरिन योस. पण त्यापुढे वस्तू आली की शेवटच्या एकमालाही न लागतो: खोरिन गुर्वन मोर, तेवीस घोडे.

५. शंभर, हजार आणि लांबलचक संख्या कशा जोडायच्या?

शंभर जू, न लागून जून. हजार म्यांग. दहा लाख साया, शंभर कोटी तेरबुम. मोठ्याकडून लहानाकडे उतरत जायचं, मध्ये 'आणि' लागत नाही.

इथे एक अपवाद आहे. जू पुढच्या आकड्याआधी न घेतं, म्यांग घेत नाही. २३४५ म्हणजे खोयोर म्यांग गुर्वन जून दोचिन ताव. मात्र म्यांगच्या लगेच पुढे नाम आलं की न परत येतो: तावन म्यांगन तोग्रोग, पाच हजार तुग्रुग (मंगोलियाचं चलन). साया कुठेच न घेत नाही.

सरावाला एक खरी संख्या घ्या. मंगोलियातलं सर्वांत उंच शिखर, तावन बोग्दमधलं ख्विइतेन, ४,३७४ मीटर आहे. ते होतं दोर्वोन म्यांग गुर्वन जून दालन दोरोव, आणि 'मीटर' हा शब्द जोडला की शेवटी दोर्वोन. हे न अडखळता म्हणता आलं तर हा प्रश्न सुटला.

६. लाख-कोटीला शब्द आहेत का?

जुन्या मोजणीत आहेत. तुम दहा हजार, बुम लाख, साया दहा लाख, जिवा कोटी, दुनचूर दहा कोटी, तेरबुम अब्ज. बुमपासून पुढचे हे शब्द बौद्ध ग्रंथांबरोबर तिबेटीतून आले, आणि दहाच्या प्रत्येक घाताला वेगळं नाव देण्याची ती सवय आपल्या ओळखीची आहे.

आजच्या बोलण्यात मात्र तुम, बुम आणि जिवा बाजूला पडले आहेत. दहा हजारांना आर्वन म्यांग, लाखाला जून म्यांग म्हणतात आणि स्वल्पविराम तीन-तीन आकड्यांनी पडतो. देशाची लोकसंख्या साधारण पस्तीस लाख, तर ती गुर्वन साया तावन जून म्यांग. डोक्यात लाख ठेवून बोलू नका, आधी दहा लाखांत विभागणी करा. नाहीतर घरभाडं ऐकून उगाच घाबराल किंवा उगाच खूश व्हाल.

'तुम' नाहीसा मात्र झालेला नाही. तुमेन म्हणजे असंख्य लोक, जनसमुदाय. चंगीझ खानाचं सैन्य दहा, शंभर, हजार आणि दहा हजार अशा तुकड्यांत बांधलेलं होतं. त्यांची नावं हेच आकडे, आणि सर्वांत मोठी तुकडी तुमेन. इराणमध्ये आजही पैसे 'तोमान'मध्ये मोजतात, तो शब्दही याच मंगोल-तुर्की घराण्यातला.

७. पाच आणि पन्नास मला सारखेच ऐकू येतात. ओळखायचे कसे?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न हाच, आणि रास्त आहे. ताव (५) आणि ताव्य (५०) यांत लिहिताना फक्त शेवटच्या मृदू चिन्हाचा (सिरिलिक, म्हणजे रशियनसाठीही चालणाऱ्या लिपीतला ь) फरक आहे. कानाने फरक पकडायचा तो शेवटाकडे नव्हे, पहिल्या स्वराकडे लक्ष देऊन. पाचातला आ मोकळा आहे. पन्नासातला 'बॅट'मधल्या ॲकडे झुकतो, साधारण 'थॅव'.

पुढे नाम असेल तर काम सोपं: तावन पाच, ताविन पन्नास. म्हणून शंका आली की 'तोग्रोग' जोडून परत विचारा. समोरचा पूर्ण रूप उच्चारेल आणि इकार स्पष्ट ऐकू येईल.

८. बाजारात किंमत कशी विचारायची आणि उत्तर कसं समजायचं?

'खेद वे?' म्हणजे 'किती?' (मराठीत खेद व्हायचा तो उत्तर ऐकल्यावर.) जरा पूर्ण विचारायचं तर 'यामार उनतेइ वे?', किंमत काय.

रोजची खरेदी हजारांत चालते, त्यामुळे ऐकताना आधी म्यांग कुठे आला ते पकडा. त्याच्या आधीचं सगळं हजार, नंतरचं शेकडे. गुर्वन म्यांग तावन जू म्हणजे ३,५००. उत्तर सुटं आल्यामुळे शेवटी जू, जून नव्हे. नारानतूलसारख्या गजबजलेल्या बाजारात विक्रेते सरळ कॅल्क्युलेटर पुढे धरतात. तो आधी बघू नका. कानाने ओळखा आणि मग पडताळा. याहून चांगला सराव कुठल्या वर्गात होत नाही.

९. 'तीन घोडे' म्हणताना घोड्याचं अनेकवचन करायचं का?

नाही. गुर्वन मोर. आकड्याने संख्या सांगितली की नाम एकवचनीच राहतं आणि विभक्ती लागायची ती नामाला लागते.

१०. पहिला, दुसरा, तिसरा कसं म्हणायचं?

आकड्याच्या सुट्या रूपाला दुगार किंवा दुगेर लावायचं. कुठलं, ते स्वर ठरवतात. आ, ओ, उ या गटातले स्वर असतील तर दुगार: खोयोरदुगार, गुरवदुगार, तावदुगार. ए आणि पुढे सरकलेले ओ-उ असतील तर दुगेर: नेगदुगेर, दोरोवदुगेर, योसदुगेर. हीच मंगोलियनची स्वरसंगती, आणि ती सगळ्या भाषेभर चालते.

महिन्यांची नावं अशीच बनतात. जानेवारी नेगदुगेर सार, म्हणजे पहिला महिना, आणि तसेच पुढे डिसेंबरपर्यंत. लिहिताना आकड्यापुढे आडवी रेघ आणि एकच अक्षर, र: पत्त्यावर '३-र' दिसलं तर ते गुरवदुगार असं वाचायचं. याला समांतर दाख किंवा देख हाही प्रत्यय आहे, तो वारांच्या नावांत भेटतो (प्रश्न ११).

लक्षात घ्या, इथे न नाही. 'गुर्वनदुगार' ही नवशिक्यांची ठरलेली चूक आहे. दाखिन (पट) हा शब्दही सुटंच रूप घेतो: गुरव दाखिन, तिप्पट. पण उदा (वेळा) हे नाम आहे, म्हणून गुर्वन उदा, तीनदा.

११. वारही आकड्यांनीच मोजतात का?

पाच वार, हो. सोमवार नेग देख ओदोर, पहिला दिवस. मंगळवार खोयोर दाख. असं करत शुक्रवार ताव दाख. शनिवार खागास साइन ओदोर, म्हणजे अर्धा चांगला दिवस, आणि रविवार बुतेन साइन ओदोर, पूर्ण चांगला दिवस. अर्ध्या दिवसाच्या शनिवारची नोकरी केलेल्यांना यावर स्पष्टीकरण लागत नाही.

याशिवाय तिबेटीतून आलेला दुसरा संच सर्रास चालतो, सोमवारपासून: दावा, म्यागमर, ल्हागवा, पुरेव, बासन, ब्याम्बा, न्याम. ही माणसांचीही नावं असतात, त्यामुळे 'ल्हागवा आली' म्हणजे बुधवार की बाई, हे संदर्भावरून. आणि ग्रहांची नावं तर संस्कृतातूनच पोचलेली आहेत: बुद, सुगर, आंगारग, बार्खास्बाद, सान्चिर. बुध, शुक्र, अंगारक, बृहस्पती, शनैश्चर. ती पाठ करण्याचे कष्ट नाहीत.

१२. साडेतीन, सव्वातीन, पावणेतीन कसं सांगायचं?

गुर्वन चाग म्हणजे तीन वाजले, आणि तीन तासही तेच. साडेतीन गुरव खागास, 'तीन अर्धा', इथे आकडा सुटा. सव्वा-पावणेसारखे सुटसुटीत शब्द मात्र नाहीत. गुर्वन चाग आर्वन तावन मिनुत, तीन वाजून पंधरा मिनिटं, असंच म्हणावं लागतं. दीड नेग खागास, अडीच खोयोर खागास.

१३. तारीख आणि साल कसं वाचतात?

मोठ्याकडून लहानाकडे: साल, महिना, दिवस. ११ जुलै २०२४ म्हणजे खोयोर म्यांग खोरिन दोर्वोन ओनी दोलोदुगार सारीन आर्वन नेगेन. साल पूर्ण संख्या म्हणून वाचायचं, 'एकोणीसशे एकवीस' असं शेकड्यांत नाही. १९२१ हे म्यांग योसोन जून खोरिन नेगेन ओन. 'ओन' (साल) हे नाम पुढे असल्यामुळे शेवटच्या आकड्याला न लागला.

११ जुलै मुद्दाम घेतली, त्या दिवशी नादाम हा राष्ट्रीय उत्सव सुरू होतो. त्याचं पूर्ण नावच एरीन गुर्वन नादाम, मर्दांचे तीन खेळ: कुस्ती, घोडदौड, तिरंदाजी. राष्ट्रीय कुस्तीत साधारणपणे ५१२ मल्ल उतरतात आणि नऊ फेऱ्यांत एक उरतो. तावन जून आर्वन खोयोर. हा आकडा त्या दिवसांत वारंवार कानावर पडतो.

१४. फोन नंबर एकेक आकडा वाचायचा का?

सहसा नाही. मोबाइल नंबर आठ आकडी असतो आणि जोड्यांनी सांगतात: ९९ येरेन योस, ११ आर्वन नेग. जोडीत पुढे शून्य असेल तर तेग ताव. वेगाने सांगितला तर सुरुवातीला दमछाक होते, म्हणून लिहून घ्या. तीन नंबर आधीच पाठ करा: जून नेग (१०१) अग्निशमन, जून खोयोर (१०२) पोलीस, जून गुरव (१०३) रुग्णवाहिका.

१५. 'एज आव खोयोर' म्हणजे 'आई-बाबा दोन'? इथे दोन कशाला?

इथे खोयोर 'आणि'चं काम करतो. दोन नावं एकापुढे एक ठेवायची आणि शेवटी खोयोर. तीन माणसं असतील तर शेवटी गुरव. मराठीत आपण 'आई-बाबा दोघं' म्हणतो, त्याच्या अगदी जवळ. मधे 'बा' (आणि) घालून बोललात तर चुकत नाही, पण कागद वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

'दोघं मिळून' साठी वेगळं रूप आहे: खोयुला, गुर्वुला, दोर्वुले. 'खोयुला याव्या' म्हणजे चल, दोघं जाऊ. एकट्याने असेल तर गान्चारा.

१६. 'दहाएक', 'पाच-सहा', 'प्रत्येकी तीन' कसं म्हणायचं?

पाच-सहा माणसं ताव जुरगान खुन. पहिला आकडा सुटा आणि फक्त दुसऱ्याला न, हे बारकाईने पाहा.

दहाएकसाठी शेवटी आद किंवा ओद: आर्वाद, खोरियोद (वीसएक), जूगाद (शंभरेक). गंमत अशी की 'प्रत्येकी'चा प्रत्ययही हाच. नेजगेद प्रत्येकी एक, खोशोद प्रत्येकी दोन, ही दोन वेगळी रूपं. पुढे गुर्वाद, दोर्वोद, आणि दहाला पुन्हा आर्वाद. तेव्हा 'आर्वाद' म्हणजे दहाएक की प्रत्येकी दहा, हे वाक्य सांगतं. वाटणी चालू असेल तर प्रत्येकी, गर्दीबद्दल बोलणं असेल तर दहाएक.

१७. अपूर्णांक, दशांश, टक्के आणि उणे?

अपूर्णांकात छेद आधी, षष्ठीत, मग अंश: दोरोवनी गुरव, चारातले तीन, म्हणजे पाऊण. दशांशातही तेच. ३.५ गुरव आरवनी ताव, तीन आणि दहातले पाच. दशांश चिन्हानंतर दोन स्थळं असतील तर जूनी. टक्क्याला खुव: ताविन खुव, पन्नास टक्के. उण्याला खासाख. जानेवारीत उलानबातरला जाणार असाल तर 'खासाख गुच' हे शब्द हवामानाच्या बातमीत ऐकायची तयारी ठेवा. ते उणे तीस आहे.

१८. उभ्या लिपीतले आकडे वेगळे आहेत का?

हो, पण अनोळखी नाहीत. जुन्या मंगोल लिपीचे अंक तिबेटी अंकांवरून आले आणि तिबेटी अंक भारतीय अंकांवरून, त्यामुळे दोन आणि तीन देवनागरी वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतात. रोजच्या व्यवहारात मंगोलियात आंतरराष्ट्रीय अंकच चालतात. २०१५ च्या भाषा कायद्यानुसार १ जानेवारी २०२५ पासून सरकारी कागदपत्रांत सिरिलिकबरोबर उभी लिपीही आली आहे. सरावाला तुग्रुगच्या नोटा पुरेशा आहेत, त्यांवर दोन्ही लिप्या असतात.

१९. आकडे लक्षात ठेवायला मंगोल लोकांची स्वतःची काही युक्ती आहे का?

आहे, आणि ती थंडीत सापडते. २२ डिसेंबरच्या सुमारास हिवाळ्याचे नऊ नऊ दिवसांचे नऊ भाग सुरू होतात, एकूण ८१ दिवस. योसोन योस, नऊ नवे. प्रत्येक भागाची एक खूण ठरलेली आहे, आणि बऱ्याच खुणांचा पहिला शब्द त्या आकड्याशी अनुप्रास साधतो. तिसऱ्यात गुनान, म्हणजे तीन वर्षांच्या, बैलाचं शिंग गोठून तुटतं (गुरव). चौथ्यात दोनोन, चार वर्षांच्या बैलाचं (दोरोव). पाचव्यात ताविसान, म्हणजे मांडून ठेवलेलं, धान्य गोठेनासं होतं (ताव). सहाव्यात जुराइसान, लांब रेघ ओढल्यासारखा, रस्ता बर्फातून दिसू लागतो (जुरगा). तिसऱ्या ते सहाव्या भागाच्या या खुणा बोलता आल्या की चार आकडे आपोआप बसतात.

२०. 'जार' म्हणजे साठ, मग 'सतरावा जार' काय?

साठ वर्षांचं चक्र. पहिला जार १०२७ साली सुरू झाला, सतरावा १९८७ मध्ये. चक्राच्या पहिल्या वर्षाचं तिबेटी नाव म्हणजे 'प्रभव'चं भाषांतर. आपल्या पंचांगातल्या साठ संवत्सरांतलं पहिलंही प्रभवच, आणि शके १९०९, म्हणजे १९८७-८८, हे प्रभव संवत्सर होतं. दोन्ही चक्रं आज एकाच पायरीवर चालली आहेत.

२१. हेच आकडे बुर्यात किंवा काल्मिक लोकांशी बोलताना चालतील का?

समजतील. हे दोन्ही मुख्यतः रशियात राहणारे मंगोल समाज आहेत. बुर्यातमध्ये व-च्या जागी ब येतो आणि सुट्या रूपातही न टिकून राहतो: गुर्बन, दुर्बेन, ताबन, आर्बन. काल्मिकमध्येही न टिकतो, पण मधले स्वर जवळजवळ ऐकू येत नाहीत. दोन्हीकडे खाल्खची सुटी रूपं वापरलीत तर लोक समजून घेतात; तुम्ही उलानबातरकडून शिकून आलात, एवढं मात्र त्यांना कळतं.